रसायनांची त्वचापरीक्षा

पायात काटा मोडला की त्या जागी बिब्ब्याचा चटका देण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु तोच बिब्बा एकाला मानवतो आणि दुसऱ्याला असा उततो की, अंग सुजून व फोड येऊन तो बेजार होतो. बिब्ब्याच्या तेलातील द्रव्य त्वचेत शिरून तेथील प्रथिनांशी जोडले जाते, शरीराची संरक्षणव्यवस्था त्या जोडीला परकी ठरवते व तिची ओळख स्मरणात ठेवते. त्यामुळे पहिल्या स्पर्शाला निमूट राहिलेली त्वचा पुढील एखाद्या स्पर्शानंतर दिवसा-दोन दिवसांत पेटून उठते. केसांच्या कलपातील पॅराफेनिलीनडायअमीन आणि नकली दागिन्यांतील निकेल यांचीही तऱ्हा हीच. एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा जन्मभर सुटत नाही. म्हणूनच नव्या रसायनाची तहकिकात ते बाजारात येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

१८९५ साली योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने संशयित द्रव्य रुग्णाच्या त्वचेवर पट्टीखाली ठेवून पाहण्याची जी पद्धत मांडली, ती आजही दवाखान्यांत उपयोगी पडते. पण तिने कारण उमगते ते व्याधी जडल्यावर. आगाऊ निर्णयासाठी मग मुक्या प्राण्यांचा आश्रय घेतला गेला. १९६९ साली मॅग्नुसन व क्लिगमन यांनी मांडलेल्या चाचणीत गिनीपिगच्या त्वचेत रसायन टोचून, पुढे त्याचीच पट्टी लावून लाली येते का हे पाहतात. तर २००२ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मान्य केलेल्या चाचणीत उंदराच्या कानांवर लागोपाठ तीन दिवस रसायन लावून कानाजवळच्या लसिकाग्रंथींतील पेशींची वाढ मोजतात, आणि ती नुसते द्रावक लावलेल्या उंदरांच्या तिप्पट वा अधिक भरली, म्हणजे त्या द्रव्यावर ॲलर्जीकारक असा शिक्का बसतो.

या व्याधीची पायरीन्‌पायरी उलगडल्यावर मात्र प्रत्येक पायरीची परीक्षा काचपात्रात घेता येऊ लागली. रसायन प्रथिनांचे लहान तुकडे असलेल्या पेप्टाइडांबरोबर चोवीस तास ठेवून त्यांतील किती शिल्लक उरले हे मोजतात. दुसऱ्या चाचणीत त्वचेच्या पेशी धोक्याचा इशारा देतात का, आणि तिसरीत संरक्षक पेशी जागृत होतात का, हे पाहतात. या तिन्हींपैकी दोहोंचा कौल जुळल्यास तो ग्राह्य धरण्याची तजवीज त्याच संघटनेने २०२१ साली केली. अर्थात काही द्रव्ये हवेच्या किंवा त्वचेतील विकरांच्या संपर्काने बदलल्यावरच घातक होतात आणि अशांच्या बाबतीत पेप्टाइडांची चाचणी एकटी फसू शकते. म्हणून तज्ज्ञाचा विवेक येथेही अपरिहार्य आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ साली सक्त मनाई केली, त्यामुळे या नव्या पद्धतींचे मोल आपल्याकडेही वाढले आहे.

परंतु परीक्षेचे खरे फळ निर्णयाच्या अंमलात आहे. ओल्या सिमेंटातील विद्राव्य क्रोमियमने गवंड्यांचे हात चिरतात, सुजतात आणि ज्यावर पोट चालते तोच धंदा सोडण्याची पाळी काहींवर येते. त्यावर उपाय साधा निघाला: सिमेंटात हिराकस मिसळली की ते क्रोमियम निरुपद्रवी रूप घेते. २००५ पासून युरोपीय संघाने हाताने कालवायच्या सिमेंटात दहा लाख भागांमागे दोन भागांहून अधिक असे क्रोमियम असण्यास बंदी केली आहे. श्रमिकाची त्वचा ही त्याची मिळकतच होय, आणि तिला अपाय करू शकणाऱ्या द्रव्याची पारख करून तिचे रक्षण करणे हे उत्पादक व सरकार या दोघांचेही कर्तव्य आहे.