कंपनीची देणगी आणि नागरिकाचें मत

१९२७ सालापासून मुंबईचा कचरा सोसणाऱ्या देवनारच्या रहिवाशाजवळ एक मत असतें. कंपनीजवळ मत नसतें, तिजोरी असते. दोघांचीं गाऱ्हाणीं प्रतिनिधीपुढें एकदम आलीं, तर आधीं कोणाचें ऐकलें जाईल?

टाटांच्या पोलाद कंपनीनें पक्षांना देणगी देण्याची मुभा मागितली, तेव्हां १९५७ सालीं मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं ती कायद्यानुसार मान्य केली. पण यांत लोकशाहीचा गळा घोटला जाण्याची भीति आहे, असेंही बजावलें. १९६९ मध्यें अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्यें ती उठली. २०१७ सालीं नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही गेली. पुढें निवडणूक रोख्यांनीं दात्याचें नांव झांकलें. गुप्तदान पुण्यप्रद खरें, पण तें देवळांत! प्रतिनिधि कोणाचा मिंधा, हें मतदारास कळलेंच पाहिजे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रोखे रद्द केले. उमेदवाराच्या खर्चास मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चास मात्र अद्याप नाहीं.