सहांत न मावलेले दोन

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रेरणा आणि भावना ही दोन प्रकरणे शेजारीशेजारी असतात, पण वाटण्या झालेल्या भावांसारखे त्यांचे एकमेकांकडे जाणेयेणे नसते. प्रेरणेच्या बाजूला भूक-तहान, मॅकडुगलच्या 1908 सालच्या सहजप्रवृत्ती आणि मॅस्लोची गरजांची उतरंड; भावनेच्या बाजूला विल्यम जेम्स, 1927 मध्ये त्याच्यावर तुटून पडलेला कॅनन, 1962 चे शॅक्टर आणि सिंगर, आणि शेवटी पॉल एकमनची चेहऱ्यांची छायाचित्रे. ही सगळी मंडळी वाचकांच्या ओळखीची आहेत आणि त्यांची निम्मी भांडणे आता कोणी भांडतही नाही. तो रस्ता भरभर ओलांडून मी माझ्या जुन्या हट्टाकडे वळतो. घराच्या मधोमध ही भिंत घातली गेली तेव्हा दोन भाव तिच्याखाली गाडले गेले, आणि ते दोन्ही भरताने नाट्यशास्त्रात केव्हाच नाव घालून, लक्षणे सांगून नोंदवले होते.

मोजून पाहावे. एकमनने सर्व मानवजातीत समान म्हणून सहा भावना सांगितल्या: राग, भीती, किळस, दुःख, आनंद, आश्चर्य. भरताचे स्थायीभाव आठ. क्रोध, भय, जुगुप्सा, शोक आणि विस्मय हे पाच सरळ जुळतात. हासाला थोडे ओढून आनंदाशेजारी बसवता येते. उरतात दोन, रती आणि उत्साह. नेमके हेच दोन का उरावेत? एकमनने चेहरे मोजले, आणि या दोघांना स्वतःचा असा चेहरा नाही; त्यांना दिशा आहे. भीती चेहऱ्यावर दिसते, पण उत्साह दिसायचा तर माणूस कुठे निघाला आहे ते पाहावे लागते. रती आणि उत्साह एकाच वेळी भावनाही आहेत आणि प्रेरणाही आहेत. म्हणून दोन प्रकरणांच्या वाटणीत ते कोणाच्याच वाट्याला आले नाहीत.

रतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिला वकील पुष्कळ आहेत. शिरोड्याच्या शाळेत 1920 ते 1938 अशी अठरा वर्षे शिकवलेल्या वि. स. खांडेकरांनी पुढे 1959 मध्ये ‘ययाति’ लिहिली. तिचा नायक भोगत जातो आणि त्याची भूक वाढतच जाते. टीकाकारांनी तिच्यात नीतिपाठ शोधला. पण हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून केंट बेरिज प्रयोगशाळेत दाखवत आला आहे. मेंदूतले डोपामिन नष्ट केलेला उंदीर पुढ्यातल्या खाण्याकडे जात नाही, मात्र जिभेवर साखरेचे पाणी पडले की त्याचा चेहरा पूर्वीसारखाच खुलतो. आवड शाबूत असते, ओढ गेलेली असते. ययातीचे नेमके उलटे: ओढ फुगत जाते आणि तिच्या मानाने गोडी वाढत नाही. कादंबरी म्हणजे प्रयोग नव्हे, हे मला कळते. पण ओढ आणि गोडी यांची फारकत तिच्यात स्पष्ट आहे.

उत्साहाचे मात्र कोणी नाव घेत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच शिरोड्याच्या मिठागरांत पडून आहे. दांडीला 6 एप्रिल 1930 रोजी गांधींनी मीठ उचलले आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. करसवलत मिळावी म्हणून लोक मिठागरांत उतरले, असे म्हणवत नाही. कर मणाला सव्वा रुपया होता. गरिबाला तो जाचक खराच, पण मूठभर मिठावर वाचणाऱ्या करासाठी कोणी तुरुंगात जात नाही. आता त्याच मिठागरावरचा कामकरी आठवावा. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे, धरलेले मीठ ओढून रास करायची. हेच त्याचे पोटापाण्याचे काम. सत्याग्रहीही त्याच उन्हात वाकतो, तेच मीठ उचलतो. जेम्सच्या मते भावना म्हणजे शरीरातल्या बदलांची जाणीव. मग या दोन वाकलेल्या पाठींत फरक कोणता? सत्याग्रह्याची छाती धडधडत असेल, पण पोलिसाच्या लाठीच्या भीतीनेही ती तशीच धडधडते. (जेम्सवर हा थोडा अन्याय आहे, पण थोडाच.) मॅस्लोकडे जावे तर सुरक्षिततेची पायरी खाली आणि मानाची वर; इथे माणसे खालची पायरी आपण होऊन सोडतात. मॅस्लोला ही अडचण दिसली होती. 1943 च्या लेखात त्याने ध्येयासाठी सर्वस्व सोडणाऱ्यांना अपवादांत घातले. पुढे त्याच्या नावावर जो त्रिकोण खपला तो त्याने काढलेला नव्हता, आणि त्या त्रिकोणात अपवादांना जागाच उरली नाही.

भरताकडे या प्रसंगाला सरळ घर आहे. त्याने क्रोध रौद्राला दिला आणि उत्साह वीराला. वीराची कारणे सांगताना तो गोंधळ नसणे, निश्चय, नय आणि विनय हेही सांगतो. बळ आणि पराक्रम त्यांच्या जोडीला येतात. परिणामांत धैर्य आणि स्थैर्य आहे, त्यागही आहे. युद्धवीराच्या बरोबरीने त्याने दानवीर आणि धर्मवीर मानले. म्हणजे हात न उगारणारा वीर त्याच्या चौकटीत पहिल्यापासून बसतो. लोक रागावूनच आले होते, असा आक्षेप येईल. आले असतील. पण वीराच्या संचारी भावांत भरताने अमर्षाला, अपमान सहन न होण्याला, जागा दिली आहे. अमर्ष येतो आणि जातो. टिकतो तो उत्साह. क्रोध स्थायी झाला असता तर त्या दिवशी दगड उचलले गेले असते.

आमच्यातले काही विद्वान म्हणतात की रसविचार रंगभूमीसाठी आहे, त्यावरून जगण्याचे मानसशास्त्र काढणे म्हणजे पुनरुज्जीवनवाद. त्यांनी अभिनवगुप्त मुळातून वाचावा. रस अलौकिक आहे, पण स्थायीभाव जन्मलेल्या प्रत्येक प्राण्यात असतात, हे तोच सांगतो. के. ना. वाटव्यांनी ‘रसविमर्शा’त स्थायीभावांचा मॅकडुगलच्या प्रवृत्तींशी मेळ घातला तेव्हाही असेच नाक मुरडले गेले. वाटव्यांची चूक मला दिसते: त्यांनी ज्याच्याशी जुळवले तो मॅकडुगलच पुढे मोडीत निघाला. पण सोयरीक मोडली म्हणून मुलगी वाईट ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. भरताने वीररस उत्तम प्रकृतीच्या पात्रांना राखून ठेवला. इथे भरत चुकला, आणि मिठागरात उतरलेल्या साध्या माणसांनी त्याची चूक दुरुस्त केली.

आज मात्र उत्साहाचा अर्थ मंडळाच्या फलकापुरता उरला आहे, आणि ‘मोटिव्हेशन’ हा तिकीट लावून विकायचा माल झाला आहे. बक्षीस लावा, माणूस धावेल, हा त्यातला मंत्र. एडवर्ड डेसीने 1971 मध्येच दाखवले होते की कोडी सोडवायचे पैसे दिले आणि मग थांबवले, की महाविद्यालयीन विद्यार्थी मोकळ्या वेळात पूर्वीइतके कोड्यांकडे वळत नाहीत. लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बालवाडीत चित्रे काढणाऱ्या मुलांबाबत तेच पाहिले. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने त्यांची गोडी घटली. उत्साह बाहेरून भरता येत नाही, हे सांगायला आणखी किती प्रयोग हवेत?

मराठीत प्रेरणेवर पुढचे पाठ्यपुस्तक जो कोणी लिहील, त्याला एकच विनंती: त्रिकोणाचे चित्र गाळून त्या पानावर शिरोड्याचे मिठागर घालावे, आणि भावनेचे प्रकरण वेगळे न काढता तिथूनच पुढे लिहीत जावे.