आधी विद्यार्थी ठरवा, देश मागून

2000 साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पहिलीत बसलेली मुलं आता तिशीत आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं आहे, ते सहसा विचारतात, 'कोणता देश चांगला?' माझं सांगणं असं, की आपण कोणाला शिकवणार हे आधी ठरवावं. प्रशिक्षण, परीक्षा आणि नोकरी त्यावरच अवलंबून असतात.

केंब्रिजच्या 'सेल्टा' या इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचंच बघा. किमान 120 तासांच्या या अभ्यासक्रमात 6 तास खऱ्या वर्गात, निरीक्षकासमोर शिकवावं लागतं. पण तो वर्ग प्रौढांचा असतो. चिमुकल्यांना शिकवायचं असेल, तर बालवर्गाचं वेगळं प्रशिक्षण हवं: गाणी, गोष्टी, हालचाल, दहा-दहा मिनिटांत बदलणारं काम. पुढच्या 'डेल्टा' पदविकेच्या तिसऱ्या भागात तर विशेष क्षेत्र स्वतःच निवडायचं असतं: लहान मुलं, व्यावसायिक इंग्रजी, परीक्षेची तयारी किंवा विद्यापीठीय इंग्रजी.

काही क्षेत्रं थेट व्यवसायाशी बांधलेली आहेत. परदेशी जाणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांसाठी 'ओईटी' ही परीक्षा आहे. तिथे रुग्णाची विचारपूस आणि रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचं पत्र लिहिणं तपासतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. ज्याने बीएस्सी नर्सिंग केलं आहे किंवा दवाखान्यात काम केलं आहे, त्याने इंग्रजीवर मेहनत घेतली, तर तो अनुभव ओईटीची तयारी करून घेताना भांडवल ठरतो.

पासपोर्टचा प्रश्नही टाळू नये. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा ई-2 व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा 7 देशांच्या नागरिकांसाठी आहे. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी वाट निघाली, पण ती शिक्षक-पात्रता असलेल्यांना आणि सहायक शिक्षकाची. आखातातल्या सीबीएसई शाळांत विषयातली पदवी आणि बी.एड. आधी बघतात, प्रमाणपत्रांचं साक्षांकनही लागतं. म्हणून बी.एड. सोडून नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रामागे धावू नये. ज्यात एकदाही वर्गात उभं राहावं लागत नाही, अशा कागदाला चांगल्या संस्था फारसं मोजत नाहीत.

यवतमाळच्या शिक्षकाजवळ एक गोष्ट मात्र आधीपासूनच आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या कोलाम पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मुलं घरी कोलामी बोलतात, बंजारा तांड्यांवर गोरमाटी चालते, कुठे गोंडी. कोलामी तर द्राविडी कुळातली. या मुलांना शाळेतली मराठीच आधी शिकावी लागते. त्यांना वस्तू दाखवून, हातवारे करून, कृती करवून शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाची अडचण पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. व्हिएतनाममधल्या पहिलीच्या वर्गातही हेच कौशल्य कामी येतं. बालवर्ग हे क्षेत्र अशा शिक्षकांनी निःसंकोच निवडावं.

फी भरण्याआधी एक करा. गावातल्या शाळेत काही आठवडे लहान मुलांना, मग नर्सिंगच्या विद्यार्थिनींना किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवून बघा. ज्या वर्गाची तयारी करताना रात्र कमी पडते आणि तरी कंटाळा येत नाही, त्याच वर्गाचं प्रशिक्षण घ्या.