पिल्लाच्या रक्तातली तारीख

डिंभे धरणाखालून घोडेगाव-मंचरकडे उतरताना कोंबड्यांच्या शेड दिसू लागतात. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की शेडवाल्याला धास्ती असते ती गंबोरोची. पिल्लं पिसं फुलवून कोपरा धरतात, पांढरं पातळ हगतात, आणि बघता बघता मर लागते. मेलेलं पिल्लू फाडलं तर मांडीच्या मांसात रक्ताचे फराटे दिसतात. शेपटीजवळची बर्सा नावाची गाठ सुजलेली असते. प्रतिकारशक्तीचा मोठा भाग घडतो तो याच गाठीत, म्हणून वाचलेलं पिल्लूही पुढे इतर लसींना धड दाद देत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या गंबोरो गावाजवळ हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला.

लस आहे, अडतं ते तारखेवर. आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडं भरपूर असताना लस पाजली तर ती वाया जाते, आणि थांबावं तर विषाणू आधी पोचतो. पुष्कळ शेडमध्ये चौदावा दिवस ठरलेला असतो. पण प्रत्येक लॉटची शिल्लक वेगळी, ती रक्तातच मोजावी लागते.

त्यासाठी एलायझा या चाचणीची ९६ खळग्यांची प्लेट वापरतात. खळग्यांच्या तळाला विषाणूचं प्रथिन चिकटवायचं, त्यावर पिल्लाच्या पंखातल्या शिरेतून काढलेल्या रक्ताची निवळ घालायची. प्रतिपिंडं जितकी जास्त, शेवटी उतरणारा पिवळा रंग तितका गडद. रंगावरून शिल्लक कळते, आणि शिल्लकीवरून लसीची तारीख.

ते प्रथिन यीस्टकडून करवून घेता येतं. गंबोरोचा विषाणू भारी चिवट, शेड धुतल्यावरही महिनोन्महिने टिकणारा. तो जिवंत वाढवण्यापेक्षा त्याच्या कवचातल्या व्हीपी२ प्रथिनाचं जनुक तेवढं पिचिया यीस्टमध्ये बसवतात. यीस्ट आधी ग्लिसरॉलवर पोसायचं. भांड्यात दाट लगदा झाला की ग्लिसरॉल बंद करून मिथेनॉल बेताबेताने सोडायचं. ते पचवण्यासाठी यीस्ट जी कळ चालू करतं, तिलाच व्हीपी२ जोडलेलं असतं. मिथेनॉल जास्त झालं तर यीस्टच मरतं. सगळं कसब या बेतात आहे. असं घडलेलं व्हीपी२ नीट दुमडून गोल कण बांधतं. प्रतिपिंडं आकार ओळखतात, त्यामुळे हे दुमडणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पुण्याला ही विद्या परकी नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची हेपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्येच बनते. पक्ष्यांचे आजार तपासणारा रोग अन्वेषण विभागही औंधला आहे. मला हवी आहे ती प्लेट घोडेगावात: सकाळी लॉटमधल्या वीस पिल्लांचं रक्त काढावं आणि दिवेलागणीआधी शेडवाल्याला लसीची तारीख कळावी.