चरबी कमी असलेले कोंबडीचे मांस शिजताना कोरडे का पडते?

गावरान कोंबडी, कडकनाथ आणि परसात वाढविलेले गिरिराज व वनराज जातींचे पक्षी यांना चांगली मागणी असते. तथापि, मांस चिवट निघाले, चोथ्यासारखे लागले, अशी तक्रारही याच पक्ष्यांविषयी ऐकू येते. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही व पाळणाऱ्याचे नुकसान होते. हा दोष पुष्कळदा जातीचा नसून पक्षी नेण्याच्या, कापण्याच्या व शिजविण्याच्या रीतीचा असतो. म्हणून त्यामागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी जाते कोठे?

कच्च्या मांसात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. ते प्रथिनांच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात धरलेले असते. उष्णतामान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ही प्रथिने गोठू लागतात. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीची वेष्टनेही आकसतात आणि ओल्या कापडाला पीळ द्यावा तसे पाणी बाहेर पडते. रश्श्यात बुडालेले मांसही याच कारणाने कोरडे होते. बाहेर कितीही पाणी असले, तरी आकसलेले तंतू ते परत शोषून घेत नाहीत.

मांसात चरबी असेल, तर ती वितळून तंतूंमध्ये पसरते व घास मऊ लागतो. कातडे काढलेल्या छातीच्या मांसात मात्र चरबी फार थोडी असते. त्यामुळे पाणी गेल्याची उणीव लगेच जाणवते.

छाती निराळी, तंगडी निराळी

छातीच्या मांसात चिवट जोडतंतू कमी असतात. ते लवकर शिजते. तंगडी व मांडी यांत चरबी आणि जोडतंतू अधिक असतात. हे जोडतंतू ओल्या, मंद आचेवर बराच वेळ राहिले म्हणजे विरघळून मऊ, चिकट होतात. म्हणून तरुण पक्षी शिजविताना तंगडीचे तुकडे आधी टाकावेत व छातीचे तुकडे शेवटच्या १५ ते २० मिनिटांत घालावेत. सर्व तुकडे एकदम टाकल्यास तंगडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते.

अंडी देऊन थकलेल्या कोंबडीचे जोडतंतू वयाबरोबर घट्ट झालेले असतात. तिला दीड ते दोन तास मंद आच द्यावी किंवा प्रेशर कुकर वापरावा. तिचे सुक्के करण्यापेक्षा रस्सा करणे उत्तम.

मांसाचा मध्यभाग ७४ अंशांपर्यंत तापला म्हणजे रोगजंतूंचा धोका टळतो. त्याहून कमी शिजवू नये. परंतु छातीचे मांस त्यापुढे खळखळत ठेवण्यातही लाभ नाही. कडकनाथाचे मांस मुळातच काळसर असल्याने रंगावरून अंदाज येत नाही. तेथे स्वयंपाकाचे उष्णतामापक उपयोगी पडते.

मीठ आधी लावावे

एक किलो मांसास सुमारे १० ग्रॅम मीठ शिजविण्यापूर्वी तासभर आधी चोळून थंड जागी झाकून ठेवावे. मिठामुळे प्रथिने अधिक पाणी धरून ठेवतात. पुढे रश्श्यात तेवढे मीठ कमी घालावे. लिंबाचा रस मात्र फार वेळ लावून ठेवू नये. त्याने वरचा थर भुसभुशीत होतो.

पाळणाऱ्याने घ्यावयाची काळजी

१. विक्रीचे पक्षी सकाळच्या गारव्यात न्यावेत; टोपलीत दाटी करू नये. उन्हाने व भीतीने हैराण झालेल्या पक्ष्याच्या मांसाची पाणी धरण्याची शक्ती कमी होते.
२. कापण्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे. पिण्याचे पाणी चालू ठेवावे.
३. कापल्यानंतर मांस काही काळ ताठरते. शीतकपाट किंवा बर्फ असेल तेथे ते ४ ते ६ तास थंड ठेवून मग शिजवावे. सोय नसल्यास मात्र उघड्यावर ठेवून वाट पाहू नये.
४. गिऱ्हाइकास पक्ष्याचे वय खरे सांगावे व त्याप्रमाणे शिजविण्याची रीत समजावून द्यावी.

करून पाहण्याजोगे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत हा प्रयोग करून दाखवावा. एकाच पक्ष्याच्या छातीचे सारख्या वजनाचे व जाडीचे दोन तुकडे घ्यावेत. एकास आधी मीठ लावून तो मंद आचेवर झाकून शिजेपर्यंतच ठेवावा. दुसरा बिनमिठाचा, जोराच्या उकळीत पाऊण तास ठेवावा. दोन्ही निथळून पुन्हा तराजूत घालावेत. वजनातील फरक डोळ्यांना दिसेल आणि चवीतील फरक जिभेला कळेल.

पक्षी महिनोन्‌महिने कष्टाने वाढवावयाचा आणि त्याची चव अर्ध्या तासात घालवावयाची, हे परवडणारे नाही. चांगल्या पक्ष्याबरोबर तो शिजविण्याची योग्य रीतही गिऱ्हाइकास सांगितली, तर त्याचे समाधान होईल व मालाचा लौकिक टिकेल.