‘पावणे दोन’ म्हणजे किती?

‘घरी पावणे दोन आलेत, च्या टाक!’ इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये हे वाक्य कुणालाही कळेल. यंत्राला मात्र घाम फुटतो. आले किती? दोन पाहुणे, की एक आणि पाऊण?

मैत्रिणींनो, हल्ली बँकेच्या नाहीतर विम्याच्या कामासाठी मोबाइलवर विचारलं, तर पलीकडे पुष्कळदा माणूस नसतोच. असतो तो चॅटबॉट, म्हणजे गप्पा मारणारा प्रोग्रॅम. असे प्रोग्रॅम बहुधा पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहितात. (अजगराशी संबंध नाही हं! १९९१ साली आलेल्या या भाषेचं नाव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडलं.) दरवेळी सगळं पहिल्यापासून लिहीत बसायचं नसतं. चकलीला आपण तयार भाजणी आणतो ना, तशी तयार ‘लायब्ररी’ घ्यायची आणि आपला बॉट तळायचा.

मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या हॅप्टिक कंपनीने अशीच एक लायब्ररी २०१७ मध्ये सर्वांसाठी फुकट खुली केली, ‘चॅटबॉट एनईआर’. तिचं काम म्हणजे सुपात धान्य निवडावं तसं बोलण्यातून तारीख, वेळ, आकडा, गाव निवडून काढणं. तिच्यात इंग्रजी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळबरोबर आपली मराठीही आहे. शिवाय ‘मंडेला येते’ अशी सरमिसळसुद्धा.

खरी कसरत इथेच. इंग्रजीत दीड, अडीचला असा एकेक सुटसुटीत शब्द नाही. आपल्याकडे सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे म्हणजे १५०, पावणेदोनशे म्हणजे १७५. हे सगळं कुणीतरी बसून यंत्राला सांगावं लागतं. बचत गटाच्या हप्त्यात ‘पावणे’ गळालं, तर १७५ चे २०० होतात!

आणि ‘परवा’? तो मागचाही असतो, पुढचाही. ‘परवा दवाखान्यात जायचंय’ आणि ‘परवापासून पोटात दुखतंय’ यातला फरक क्रियापदावरून कळतो. बॉटने नुसता शब्द उचलला, तर आजारी बाईचं दुखणं दोन दिवसांनी सुरू होणार! म्हणून लायब्ररी एकदा लिहून संपत नाही, दुरुस्त करत राहावी लागते.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२३ मध्ये खास मराठीसाठी ‘महाएनएलपी’ ही पायथॉन लायब्ररी आणली. त्याआधी २०२१ मध्ये याच गटाने सुमारे १६ हजार मराठी ट्वीट घेऊन आनंदाचं कुठलं, नाराजीचं कुठलं, अशा खुणा केल्या होत्या. मोठंच काम. पण ती ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरची. गोठ्यातलं, उसाच्या फडातलं, चुलीपुढचं बोलणं त्यात कुठून येणार? ‘जीव घाबरा झालाय’, ‘अंगावरून जातंय’ हे बायका डॉक्टरलाही हळूच सांगतात, ट्विटरवर कोण लिहितंय!

खुल्या लायब्ररीत बाहेरच्या माणसालाही दुरुस्ती सुचवता येते. संगणक शिकणारी लेक किंवा भाची घरात असेल, तर हे शब्द तिला सांगा. त्यांचा अर्थ तिलाही आधी समजावून द्यावा लागेल, ती गोष्ट वेगळी.