नणंदेची द्राक्षं आणि माझी आडवी बाटली

भोसरीहून नाशिकची एसटी पकडली, की चाकणचे कारखाने, राजगुरुनगर, मंचर मागे पडतात आणि नारायणगाव येतं. शेजारणीला तिथल्या तमाशाच्या राहुट्या आठवतात, मला वाइन! वस्तीत 'आडव्या बाटली'साठी दारोदार हिंडलेली बाई हे लिहितेय, म्हणून मैत्रिणींनो, दचकू नका.

१९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे 'शातो इंडाज' उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक कंपनीची तांत्रिक मदत घेतली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेसाळ वाइन करायची ही तिकडची रीत. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशी गेली. शॅम्पेन मात्र म्हणायचं नाही, ते नाव फ्रान्सच्या त्या प्रांताचं. (येवल्याच्या पैठणीसारखंच की!) पुढे ही कंपनी कर्जात बुडाली.

रीत फ्रेंच असली तरी हवा आपलीच. तिकडे थंडीत वेल झोपते, छाटणी वर्षाला एकदा. आपल्याकडे एप्रिलात खरडछाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी आणि तोडणी ऐन फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. फुटवे काढायला, घड तोडायला बायकाच.

माझी नणंद दिंडोरीकडची. तिच्या घरी एका कारखान्याशी करार करून वाइनची द्राक्षं लावली होती. २००९च्या मंदीत कारखान्यानं माल उचलला नाही. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. बाजारात कोण विचारतो? "वहिनी, थॉमसन असती तर निदान पेट्या भरून विकली असती," म्हणाली. बाग उपटली, पाटल्या गहाण पडल्या.

पुढे फ्रान्सच्याच मोएत हेनेसीनं दिंडोरीत वाइनरी सुरू केली. भागात पुन्हा हवा झाली. नणंदेकडेही दुसऱ्या एका कारखान्यासाठी अर्धा एकर वेली लागल्या. मग जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय सरकारनं घेतला. इकडे आमच्या मंडळात विरोधाच्या सह्या सुरू, तिकडून तिचा फोन, "वहिनी, तुम्ही सही केलीत का?"

केली होती. खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या मारानं सुजलेले चेहरे मी पाहिलेत. पण तिच्या रिकाम्या हातांकडेही बघवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी दिंडोरीला गेले. कराराचा कागद मागून घेतला. भाव होता, माल न उचलल्यास भरपाईचा शब्दही नव्हता. आम्ही दोघींनी ओसरीवर बसून तेवढं कलम लिहून काढलं. कारखान्याचा माणूस यायचा होता, म्हणून ननदोई चहाचं आधण ठेवून फाटकाशी उभे होते.